काल बांगड्या वाजल्या नाहीत

आई,
तुझ्या गॅरेजवाल्याचा दंडवत.

मी खडखडीत आहे, दोन वेळा गरम जेवतो, तेव्हा 'वाळला असशील' हे पालुपद पुरे. तुझे गुडघे काय म्हणतात? फोनवर बोललो की आपला धाकटा तुझ्याजवळ बसून कान देऊन असतो, म्हणून आज रात्रीच तिकडे निघणाऱ्या ओळखीच्या ड्रायव्हरच्या हाती हे पत्र पाठवतोय.

काल फोनवर तू म्हणालीस, "सुधारलाय रे तो, घरातच असतो, नुसता झोपतो." आई, गाडी फाटकातून आत येतानाच मला तिचं दुखणं ऐकू येतं. तू बोलताना हात हलवतेस, तुझ्या सोन्याच्या बांगड्या वाजतात. काल वाजल्या नाहीत. त्याला दिल्यास ना? 'शेवटचं' म्हणाला असेल.

रागावलो नाही. मीही फसलोच की; त्याला इथे कामाला लावलं, तर माझीच हत्यारं विकून त्यानं नशेची पावडर ओढली, रात्रभर खोकत पडायचा.

पण ती झोप साधी नव्हे गं. डॉक्टर म्हणाले, या नशेत झोपेतच श्वास थांबतो.

मी उद्या निघतो, परवा पोचतो, त्याला स्वतः दवाखान्यात नेतो. तोवर त्यानं तुझ्या पायांवर डोकं आपटलं तरी पैसे देऊ नकोस, जेवायला वाढ. झोपला की उशाशी बस. श्वास अडला, ओठ निळे पडले, तर लाज धरू नकोस, गल्ली गोळा होईल एवढ्यानं ओरड, अॅम्ब्युलन्स मागव.

बांगड्या नाही वाजल्या तरी चालेल. परवा दारात आलो की त्याचा खोकला तेवढा ऐकू येऊ दे.

तुझा थोरला