वारा चांगला आहे, उद्या या

१२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तू सुखरूप पोचल्याचं वहिनीच्या फोनवरून कळलं. इकडे आम्ही बरे आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" करून ठेवून देतोस आणि मला मधेच रडू येतं, म्हणून पत्र.

बाबांचं दुकान आवरायला घेतलंय. चष्म्यांच्या फ्रेमा खोक्यांत भरल्या, भिंगं घासायचं यंत्र पुसून ठेवलं. दारामागे ती पाटी सापडली : "वारा चांगला आहे. उद्या या." किती गिऱ्हाइकं ती वाचून परत गेली असतील कोण जाणे. समोरचे मास्तर काल म्हणाले, "तुझ्या बाबांकडे डोळे बिघडायच्या आधीच चष्मा सांगून ठेवावा लागायचा." म्हणाले आणि स्वतःचाच चष्मा काढून पुसत बसले.

कुत्रा दिवसभर दुकानाच्या पायरीवर असतो. जेवतो, पण मी शेजारी बसले तरच. बाबांनी लाडावून ठेवलाय. शिडाच्या बोटीत पुढे नेहमी कुत्र्याची जागा, माणसांची मागे. आई एकदा म्हणाली होती, "कधी मलाही न्या की." तर बाबा म्हणे, "तू सल्ले देतेस, तो देत नाही." आई दोन दिवस बोलली नव्हती. तिसऱ्या दिवशी दोघांनाही घेऊन गेले आणि परत आल्यावर सगळ्यांसमोर कबूल केलं, की सल्ले बरोबर होते.

धक्क्यावरचे सुतारकाका बोट विकत मागताहेत. तुला विचारल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. पण तेवढं विचारायला एवढं लांबण लावावं लागत नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

बाबांच्या दिवसांना तू आलास ते चार दिवस मी स्वयंपाकघरातून बाहेर पडले नाही. घर माणसांनी भरलं होतं हे खरं, पण तुझ्याबरोबर एकटीने बसायची वेळ येऊ नये म्हणूनच मी तिथे होते.

आपली तांबडी कुत्री गेली त्या दिवसाबद्दल लिहितेय. बोट बांधायचं काम तुझं आणि तू सकाळी ती नीट बांधली होतीस. दुपारी मी एकटी धक्क्यावर गेले. दोरी सोडली, बोट पायऱ्यांपाशी ओढली आणि तांबडीला घेऊन आत बसले. निघताना दोरीची दोन्ही टोकं मीच पुन्हा बांधली. तांबडी आत झोपली होती, तिला उठवलं नाही. संध्याकाळी वारा सुटला. दुसऱ्या दिवशी बोट पलीकडच्या काठाला उलटी सापडली, तांबडी सापडलीच नाही. सगळ्यांनी तुला फैलावर घेतलं, बाबांनीसुद्धा. मी मात्र तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तीन महिन्यांनी तू नोकरीसाठी लांब गेलास. मी बारा वर्षांची होते, मला वाटलं माझ्यामुळे गेलास. अजूनही वाटतं.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. बोटीकडची गाठ सुटली होती, पण खांबावरची तशीच होती ना. उलटी बांधलेली. घरात डावखुरी तू एकटीच."

"मग दादाला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. गाठ पाहिली आणि त्याची माफी मागितली. तर म्हणाला, 'बाबा, माझी बोलणी खाऊन झालीत. ती लहान आहे, आता तिला कशाला?' तू आपणहून सांगशील म्हणून आम्ही थांबलो."

अठ्ठावीस वर्षं थांबलात दोघं. आणि मी तुझ्या पानभर पत्रांना दोन ओळींची उत्तरं धाडत राहिले. तुला वाटलं असेल, बहीण शिष्ट झाली. शिष्ट नव्हते रे, तोंड दाखवायची लाज वाटत होती. चुकले मी, दादा.

बाबा गेले तेव्हा वाटलं, मला रागावणारं आता कुणी उरलं नाही. पण तू आहेस. बोटीचं काय ते तू ठरव, फक्त पत्राने कळवू नकोस. स्वतः ये. मला समोर बसव आणि तेव्हा जे बोलायचं राहिलं ते सगळं बोल. मी स्वयंपाकघरात जाणार नाही.

वाट बघणारी, आणि जरा घाबरलेली,
तुझी धाकटी