दीक्षाच्या फोटोतला तो राग

खडकी, पुणे
रविवार

तीर्थरूप आईंना,
सुखदेवचा आणि आपल्या नातीचा मनापासून जयभीम.

आपले गुडघे कसे आहेत? पाठवलेलं तेल लावता, की बाटली कपाटात ठेवून आल्यागेल्याला नुसती दाखवता? भंडाऱ्याला ऊन फार चढलंय असं दीपमालाकडून कळलं. आपली लेक अजून नाशिकला ट्रेनिंगलाच आहे. (हे आपल्याला माझ्याआधी माहीत असतं, कारण मला फोन येतो तो आपल्याशी बोलून झाल्यावर.) त्यामुळे घर सध्या माझ्या ताब्यात आहे, म्हणजे दीक्षाच्या ताब्यात आहे, आणि तिच्या हाताखाली मी. बाकी आम्ही सुखरूप आहोत. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर आपण मधेच एखादा प्रश्न विचारता आणि माझा धीर सुटतो.

तर झालं असं, की दीक्षाच्या भरतनाट्यमच्या क्लासचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. त्याच्या बॅनरसाठी चैतालीताईंनी, म्हणजे तिच्या बाईंनी, काही मुलींचे फोटो खऱ्याखुऱ्या स्टुडिओत काढायचं ठरवलं. त्यात आपली दीक्षा. दीपमाला फोनवर म्हणाली, मी येऊ का एक दिवसाची सुट्टी टाकून? मी म्हणालो, त्यात काय आहे, मी तयार करतो तिला. मी फिटर माणूस, फॅक्टरीतली भलीमोठी यंत्रं खोलून परत जोडतो, एक आठ वर्षांची मुलगी तयार करणं काय अवघड? आता वाटतं, यंत्र निदान बसल्या जागी राहतं.

सुरुवात आलत्यापासून झाली. तळहात-तळपायांना लावायचा तो लाल रंग. सराव असावा म्हणून आदल्या दिवशी दुपारी लावून पाहिला. मी तिच्या हातांना लावला, तिनं फ्रिजला, पडद्याला आणि माझ्या ड्युटीच्या शर्टाला. मग गालाखाली हात घेऊन ती झोपून गेली आणि उठली ती कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखी. शेजारच्या काकू दुसऱ्या दिवसापर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत. माझ्या बोटांचा रंग तर घासून घासून जाईना. दीक्षाला त्याच काकूंकडे सोडून संध्याकाळच्या पाळीला तसाच गेलो. दारूगोळ्याच्या कारखान्यात लाल हातांचा माणूस आला की कुणी विचारपूस करत नाही, आधी लांब होतात.

सकाळी केस. मोबाईलवर व्हिडिओ लावून गंगावन जोडलं, अंबाडा बांधला आणि घरात होत्या तेवढ्या पिना ठोकल्या. (ठोकल्या हाच शब्द बरोबर आहे. संध्याकाळी त्या काढायला मला पक्कड आणावी लागली, पण अंबाडा तसूभर हलला नव्हता, हे नोंदवावंसं वाटतं.) पण त्या अंबाड्यावर हेल्मेट बसेना, म्हणून स्कूटर राहिली आणि कोथरूडपर्यंत रिक्षा केली. पायातले घुंगरू काढायला ती तयार नव्हती. प्रत्येक खड्ड्याला छन्न. उतरताना रिक्षावाले काका म्हणाले, "रस्त्यांचा आवाज आज पहिल्यांदा बरा वाटला." स्टुडिओच्या दारावर पाटी होती: चपला बाहेर काढाव्यात. पालकांनी सूचनाही बाहेरच ठेवाव्यात.

आता मुद्द्याचं. आत मेकअप करणाऱ्या बाई होत्या, स्वभावानं चांगल्या. त्यांनी दीक्षाला खुर्चीत बसवलं आणि काम झाल्यावर आमच्याकडे वळवलं, तर चेहरा गव्हाळ आणि मान आपल्या दीक्षाची. ती दिव्यांसमोर जाऊन उभी राहिली, पण तिचं काही जमेना. फोटोग्राफर केयूर, चांगला मुलगा, हस म्हणाला तर हसेना, गुडघे वाकव म्हणाला तर वाकवी, पण रेशनच्या रांगेत उभं असल्यासारखी. चैतालीताईंना मैत्रिणीवर रागावलेली नायिका हवी होती. दीक्षाच्या तोंडावर रागही नाही नि लोभही नाही. त्या हळूच मला म्हणाल्या, की आज हिचं होत नसेल तर आपण दुसरीला घेऊ, हिला त्रास नको.

तेवढ्यात दीक्षा माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "पप्पा, आरशात मी नाहीये."

आई, युनियनच्या मीटिंगमध्ये मी साहेबांसमोर टेबल वाजवून बोलतो. इथे मात्र मी म्हणालो, अगं, फोटोपुरतं असतं ते. तिचा चेहरा आणखीनच उतरला. मग ती माझ्याकडे पाठ करून सरळ मेकअपच्या बाईंसमोर जाऊन उभी राहिली. डावा हात कमरेवर, हनुवटी पुढे, उजवी भुवई वर. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "तुम्ही मला दुसऱ्याच कुणाची तरी मुलगी केलंत. हे पुसा."

बाईंनी स्वतःच ओला रुमाल घेतला. म्हणाल्या, सवयीनं हात त्याच डबीकडे जातो गं, चुकलं माझं. मग त्यांनी रंगात रंग मिसळून तिच्या मानेशी जुळवून पाहिला आणि आपली दीक्षा परत दिली. चैतालीताई म्हणाल्या, आत्ता बाईंकडे पाहिलंस ना, तशीच बघ. तिनं पाहिलं, केयूरनं फोटो काढला, आणि नंतर बराच वेळ कॅमेऱ्याच्या पडद्याकडेच बघत राहिला. हे कुठे शिकलीस असं ताईंनी विचारलं, तर ही म्हणते, "पाणी घातलेलं दूध आलं की आजी अशी बघते." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अनुभवी माणसासारखी मान हलवली.

परत येताना ती माझ्या मोबाईलवर तोच फोटो मोठा करून बघत होती. आपल्यासारखा रंग, आपल्यासारखी भुवई. म्हणाली, "आता दिसतेय मी."

दीपमालाला मी फक्त एवढंच कळवलं, की सगळं व्यवस्थित पार पडलं.

आपला जावई,
सुखदेव

ता. क. तोच फोटो बॅनरवर जाणार आहे. कोथरूडच्या हॉलबाहेर आपला राग दोन माणसांच्या उंचीचा लागेल. पुण्यातले आपल्याकडचे लोक ओळखतील, त्याचं मनावर घेऊ नये. दूधवाल्याची गोष्ट मी बाहेर कुणाला सांगितलेली नाही. फॅक्टरीत सांगितली, पण ती घरचीच माणसं.

ता. क. २. खरं सांगायचं ते राहिलंच. नाचात पुढे त्या नायिकेचा राग जातो आणि ती मैत्रिणीला जवळ घेते. दीक्षाला ते येत नाही. म्हणते, राग संपल्यावर आजी काय करते ते नीट आठवत नाही, एकदा बघावं लागेल. बाबा गेल्यापासून आपण त्या घरातून कुठे हललेल्या नाहीत, हे मला कळतं. पण मुलीच्या नाचाचा प्रश्न आहे. तिकीट काढू का? कार्यक्रम झाला तरी परत जायची घाई नको.

ता. क. ३. दीक्षानं आत्ता हे पत्र वाचलं. म्हणाली, "ते मला केव्हाच येतं, पण आजीला सांगू नका." म्हणून मी सांगत नाहीये.