सातव्या दिवसाचे आकडे

तलासरी, १२ मे २०१७

प्रिय रविंद्र,

परवा तू फोनवर वहीतल्या आकड्यांचं विचारलंस आणि मी विषय बदलला. बोलून सांगता येईना, म्हणून लिहिते.

आईला शेवटचं पोचवून तू पुण्याला गेलास, त्याला महिना झाला. शेळी व्यायली, दोन पिल्लं आहेत. मी चिकूच्या वाडीत कामाला जाते, जेवते, झोपते. रडू अजून आलेलं नाही. आतून काही वाटतच नाही. बायका कुजबुजतात, कुजबुजोत बापड्या.

होळीला तू आईच्या मोहाच्या दारूच्या मडक्यात तुझा थर्मामीटर खोचलास, आठवतं? मिश्रण पाण्यासारखं एका आकड्यावर टिकून उकळत नाही, त्यातली हलकी दारू आधी उडून जाते, मग उरलेल्या पाण्याला जाळ जास्त लागतो आणि आकडा चढतो, असं चुलीपाशी बसून समजावत होतास. आई म्हणाली, "येवढ्यासाठी पुण्याला गेलास? मडका सांगतो ना." पहिली धार पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडायची आणि मग मडक्यातली उकळी ऐकत बसायची. आवाज बदलला की म्हणायची, जाळ ओढ. मी लाकडं मागे घ्यायची. तू गेल्यावर दर दहा मिनिटांनी आकडा लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. सहा दिवस रोज आकडा त्र्याण्णवपासून चढला आणि बरोबर सत्त्याण्णवला आईने जाळ ओढायला लावला. तिला आकडे वाचता येत नव्हते. तुझ्या काडीपेक्षा तिचा कान पक्का, हे तूही कबूल केलंस.

सातव्या दिवशी आकडा साडेनव्व्याण्णवपर्यंत कसा गेला, ताई, चुकलीस का, ती ओळ खोडू का, असं तू विचारलंस. खोडू नकोस. मी बरोबर लिहिलं आहे. त्या दिवशी आई खांबाला टेकून, डोळे मिटून बसली होती, नेहमीसारखीच. सत्त्याण्णव झाले, ती काही बोलली नाही. मला वाटलं, आज मोह चांगला असेल. मी लाकडं सारत राहिले आणि आणखी चार आकडे लिहिले, म्हणजे चाळीस मिनिटं. तुम्हा सगळ्यांना मी सांगितलं की ती माझ्याशी बोलता बोलता गेली. ते खोटं होतं. नळीतून नुसतं पाणी पडायला लागलं, तेव्हा मी तिच्याकडे पाहिलं.

तुझीच,
संगिताताई