सांडलेली जांभळाची वाईन

आई, परवा मी जांभळाची वाईन घातली, तुझ्याशिवाय पहिल्यांदाच. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी नळी उकळत्या पाण्यात टाकताना तू मागे उभी आहेस असंच वाटत होतं. कॉलेजच्या केमिस्ट्री लॅबमध्ये तू बावीस वर्षं काचेची भांडी धुतलीस. तिथले प्रयोग दुसरे करायचे. तुझा प्रयोग महाल भागातल्या आपल्या दोन खोल्यांत, ओट्याखालच्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये चालायचा. कुस्करलेली जांभळं, पाणी, साखर, चिमूटभर यीस्ट, आणि तोंडावर सुईनं भोक पाडलेला फुगा. फुगा ताठ झाला की तुझा चेहरा उजळायचा. मग गाळ न हलवता वरचा रस सलाईनच्या नळीनं दुसऱ्या कॅनमध्ये ओढून घ्यायचा. एकदा मी ती नळी नुसती विसळून आणली. "काहून घाई करून राहिली वं? दिसते स्वच्छ, पण आहे का स्वच्छ?" म्हणालीस आणि मला पुन्हा गॅसपाशी उभं केलंस.

मला त्या कॅनची लाज वाटायची. नवरा गेलेली बाई घरात दारू बनवते, असं गल्लीत बोलायचे. त्या वर्षी तू चार महिने दम धरलास, तीनदा गाळ काढलास, दिवाळीनंतर चाखायचं ठरवलंस. नेमकी त्याच आठवड्यात कामठीची मंडळी मला पाहायला येणार होती. तू कामावर गेलीस आणि मी अख्खा कॅन मोरीत ओतला. फरशीवर जांभळा डाग पडला, तो काही केल्या निघेना. संध्याकाळी तू येतेस, मोरीच्या दारात थांबतेस. आता ओरडशील म्हणून मी भिंतीला चिकटून उभी. तू पदर खोचतेस, ब्रश घेतेस आणि घासायला बसतेस. घासता घासता एवढंच म्हणतेस, "मले सांगितलं असतं तं मीच कॅन शेजारी ठेवून आली असती."

रविवारी पाहुण्यांचे पोहे झाले आणि तू सरळ सांगून टाकलंस, "मी घरी जांभळाची वाईन बनवते. आवडते मले बनवाले. यंदाची सांडली. पुढच्या साली या, देईन." माझा जीव अर्धा झाला. पण मुलाचे वडील, पुढे जे माझे सासरे झाले, ते पुढे सरकून बसले. "कशी बनवता जी?" तू अर्धा तास सांगत होतीस. फुग्यातून गॅस बाहेर का जाऊ द्यायचा, हवा आत का येऊ द्यायची नाही. कॉलेजातल्या कुठल्या सरांनी इतकं सोपं करून सांगितलं नसतं. आणि 'सांडली' म्हणालीस. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस.

हे पत्र जायचं कुठे, वहीतच राहील. पुढे कधी विषय निघाला की तू म्हणायचीस, "त्या सालची बिघडलीच असन, बरं झालं गेली." माझ्यासाठी म्हणायचीस, कळायचं मला. आई, ओतण्याआधी मी वाटीभर पिऊन पाहिली होती. इतकी छान तुला नंतर कधीच जमली नाही.