चिऊच्या मनगटाचा पांढरा धागा

मंगळवार, संध्याकाळ

चिऊ झोपली एकदाची. दुपारी गरम पेज तिच्या हातावर सांडली. मी तिला उचलून हात नळाखाली धरला. सासूबाई मोहाचं तेल घेऊन धावत आल्या, तर मी खेकसलेच, "तेल नको, आई! पाणीच पाह्यजे!" काऊन खेकसले मी? पण वीस मिनिटं नळ बंद केला नाही.

हात सुजायच्या आत मनगटावरचा धागा काढायचा होता. पण तो विहारात भंतेजींनी रक्षणासाठी बांधलेला. कापायला माझा हात धजेना. शेवटी आईंनीच कात्री लावली. "पोरीहून धागा मोठा हाय काय?" मग दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, बरं होईल.

आत्ता आई जवळ येऊन बसल्या. "हात दे. अजून भिऊन राह्यली तू." चिऊचा कापलेला धागा त्या माझ्या मनगटाला बांधू लागल्या; पुरेना, तर त्यांनी आपल्या हातचा धागा सोडून त्याला जोडला.