कुलपांची तक्रार नाही

प्रिय पुष्कर,

तुझा अहवाल मंजूर झाल्याचे पेढे पुण्याहून पोहोचले. डबा मी उघडलेला नाही. आधी हे वाच, मग बहिणीवर काय रुसायचं ते रूस.

मे महिन्यात तूच फोन केलास, ताई, पाण्याच्या पाहणीला विश्वासाचं माणूस हवं. मी निवृत्त मास्तरीण, हुरळलेच. नागपूरचं ऊन तापायच्या आत घरी परतायचं म्हणून सकाळी सातलाच वस्तीत जायची. तीनशे घरं, त्यातल्या दोनशे चौदा दारांना कुलूप. टँकर नेमका त्याच वेळी यायचा ना! बायापोरं हंडे-गुंड-बादल्या घेऊन चौकात रांगेत. प्रत्येक कागदावर मी लिहिलं, 'कुलूप, पाण्याला गेले.' उघड्या शहाऐंशी घरांपैकी साठांनी सांगितलं, नळाला थेंब नाही.

आणि तू छापलंस काय? ऐंशी टक्के घरांची तक्रार नाही! मी बेरीज मांडली तेव्हा उमगलं, तू कुलपांनाही सुखी ठरवलंस. लाज नाही वाटली? वर फोनवर मलाच शिकवतोस, नोंद नाही म्हणजे तक्रार नाही, अशीच पद्धत असते. अरे, तेहतीस वर्षं हजेरी घेतली मी. गैरहजर पोराला कधी पास केलं नाही.

तुझ्या टक्क्यांवर टँकर बंद झाला. पाहणीच्या दिवशी वस्तीतल्या भीमाबाईने माठातलं उरलंसुरलं पाणी मला प्यायला दिलं होतं. आता सगळ्या वस्तीसारखी तीही दाराला कुलूप लावून सकाळीच रेल्वे फाटकापलीकडून पाणी आणते. परवा भरल्या बादलीसकट पडली, मांडीचं हाड मोडलं. दवाखान्यात मला म्हणाली, "बाई, मी तं तुमाले सांगतलं होतं. मंग तुमी लिवलं काहून नाही?"

लिहिलं होतं गं, एवढंही मला म्हणवेना. कारण छापण्याआधी तू अहवालाचे कागद पाठवले होतेस, आणि भावाच्या कौतुकात मी न वाचताच 'आकडे तपासले' याखाली सही ठोकली होती. सोमवारी वस्तीत सभा आहे. माझ्या कागदांच्या झेरॉक्स घेऊन मी तिथे उभी राहणार, आधी माझी सही वाचणार, मग तुझं नाव. त्याआधी तू स्वतः येऊन वस्तीसमोर खरं बोललास तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाही. ये रे. सकाळी सातला ये, म्हणजे दारांना कुलपं का असतात ते तुला दिसेल.

तुझीच,
शामलाताई