गाठ कुठल्या बाजूला

वागळे इस्टेट, ठाणे
८ सप्टेंबर २०२५

चि. ऋजुता,
अनेक आशीर्वाद.

मी माझ्या हातांनी केलेल्या वस्तू : बिअर उकळायच्या तांब्याच्या टाक्या, पुण्यापासून शिलाँगपर्यंत चालू आहेत, एकही गळलेली नाही. दुधाच्या टाक्या. आपल्या गॅलरीची जाळी. सौमित्रचा पाळणा, स्टीलचा, ज्याला सरोज आजही 'पिंजरा' म्हणते. तुमच्या लग्नातली समई. आणि या पार्सलातला आकडा. यातलं काहीही मला कुणी शिकवलेलं नाही. वेल्डिंग दुसऱ्याच्या खांद्यावरून बघून शिकलो, जर्मन ड्रॉइंग वाचायला डिक्शनरी घेऊन बसलो. पत्र लिहायलाही कुणी शिकवलेलं नाही, तेव्हा एखादा जोड उघडा दिसला तर समजून घे.

इकडे ठीक आहे. गौरी-गणपती झाले. सरोजचा गुडघा जिना आला की बोलतो, एरवी गप्प असतो. तुझी आई डोंबिवलीहून गौरीला आली होती, करंज्या घेऊन. सारण जरा कोरडं होतं, पण तसं मी बोललो नाही. टेंभी नाक्यावर देवीच्या मांडवाचे बांबू येऊन पडलेत.

तू सरोजला फोनवर म्हणालीस की म्युनिकच्या बिअरच्या जत्रेला यंदा सर्वेशबरोबर जाणार आहेस, आणि बाबा जाऊन आलेत, तर काय काय सांभाळायचं ते त्यांना विचारा. जूनमध्ये तू सर्वेशचं आणि डिसेंबरातल्या लग्नाचं सांगितलंस, तेव्हापासून मी तुझ्या फोनवर आलेलो नाही. सरोज दर वेळी सांगते, मशीन चालू आहे. मशीन बंद असतं. म्हणून लिहितो.

तर ऐक. शनिवार-रविवारी जाऊ नका. मधल्या वारी, दुपारी जा. टेंभी नाक्याची हंडी तू पाहिली आहेस, गर्दी तेवढीच समज, फक्त ही बसून केलेली गर्दी आहे. तिथे नियम असा की जागा मिळाली तर बिअर, उभ्याला कुणी देत नाही. तंबूत शिरल्यावर लाजायचं नाही, अर्ध्या भरलेल्या टेबलाशी जाऊन सरळ विचारायचं, इथे मोकळं आहे का. सरकून बसतात. आपल्यापेक्षा लवकर सरकतात.

आधी खा, मग पी. ती बिअर नेहमीपेक्षा कडक असते आणि एका मगात पुरा लिटर. मगावर रेघ असते. फेस खाली बसल्यावर बिअर रेघेपर्यंत हवी. कमी असेल तर परत दे, भरून देतात, त्यात संकोच कसला. तो मग कानाला, म्हणजे दांडीला, धरून मिरवायचा नसतो, पंजा आत घालून धरायचा, आणि दुसऱ्याच्या मगाला लावताना खालचा जाड भाग लावायचा, वरची काच फुटते. त्या वेळी समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. न बघता प्यायलं तर ते अपमान समजतात. बाकावर उभं राहून नाचलं तर चालतं, टेबलावर चढलात तर बाहेर काढतात. तो मग घरी आणायचा मोह होईल, आणू नका, दारात तपासतात. रोख पैसे ठेवा. मोठी पिशवी आत सोडत नाहीत. छोटी पर्स खाली ठेवू नकोस, जमिनीवर बिअर सांडलेली असते. त्यासाठी आकडा आहे, टेबलाच्या कडेला अडकव, पर्स खाली लोंबेल. टोकं मी घासलेली आहेत, रेशमाचा धागासुद्धा अडकणार नाही. चप्पल नको, बूट घाल, काचा असतात.

आणि भेटायची जागा आधी ठरवा. फोन लागत नाही. मैदानाच्या कडेला टेकाडावर त्या बव्हेरियाबाईचा मोठा पुतळा आहे, त्याच्या पायथ्याशी. २०१७ ला मशिनरीच्या प्रदर्शनाला मी आणि सौमित्र गेलो, आणि एक दिवस जास्त राहून ही जत्रा पाहिली. गर्दीत चुकामूक झाली. मी पुतळ्याखाली उभा राहिलो, घामाघूम, जर्मनमधला एक शब्द नीट बोलता येत नव्हता, येईल त्या पोराकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने साहेब आले, सावकाश, हातात काहीतरी धरून. मी ओरडणार, तर म्हणाला, "बाबा, तुम्ही इथे थांबला असणार हे माहीत होतं, म्हणून आरामात आलो."

हातात जिंजरब्रेडचा, म्हणजे मसाल्याच्या जाड बिस्किटाचा, बदाम होता, गळ्यात अडकवायचा, वर साखरेची अक्षरं. मी विचारलं, कुणासाठी? तर म्हणे, ऑफिसातल्या एकांसाठी. तुझं नाव आम्हाला कळायला त्यानंतर पाच महिने लागले. तो बदाम अजून फ्रिजवर आहे. सरोज कापूर ठेवते, मुंग्या येत नाहीत. संक्रांतीला त्याला जाऊन तीन वर्षं होतील. हॉस्पिटलात मी लिफ्टसमोर तसाच उभा होतो, येणाऱ्या प्रत्येकाकडे बघत.

असो. तर, तिथे ते बदाम सगळीकडे विकतात. महाग असतात आणि चवीला काही खास नसतात. पण सर्वेशने घेऊन दिला तर नको म्हणू नकोस. गळ्यात घाल.

फोन ठेवता ठेवता तू सहज एक विचारलंस. तुझ्या त्या तिकडच्या झग्याला एप्रन असतो, त्याची गाठ कुठे बांधतात, बाबांना माहीत असेल.

माहीत आहे. डावीकडे म्हणजे एकटी. उजवीकडे म्हणजे ठरलेली, किंवा लग्न झालेली. मागे बांधतात त्या बिअर वाढणाऱ्या बायका. आमच्या टेबलाशी एक म्हातारी बसली होती, तिची गाठ मागे होती. मी सौमित्रला म्हणालो, अरे, ही तर आपल्यासारखी पिणारी आहे, हिची मागे का? तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "हळू बाबा. नवरा गेलाय त्यांचा."

त्याच्याच तोंडून ऐकलेलं आहे हे.

इंटरनेटवर शोधलं तर हे पहिल्या ओळीत सापडतं, आणि सगळं शोधून मग बोलणारी मुलगी आहेस तू. तरी मला विचारलंस. काय विचारलंस ते मला त्याच क्षणी कळलं होतं, स्वयंपाकघरात उभा होतो मी, स्पीकर चालू होता. तिथून तसाच गॅलरीत गेलो.

आपल्याकडे ही गाठ नावाच्या आधी बांधतात. सौमित्र गेला त्या वर्षी कल्याणहून मुंजीची पत्रिका आली, तुझ्या नावामागे छापून आलं होतं, श्रीमती. तू वाचलीस, घडी घातलीस आणि कुकर लावायला गेलीस. आज या पत्राच्या माथ्यावर काय लिहायचं यात माझे दोन कागद गेले. शेवटी नुसतं चि. लिहिलं, जे आमच्या घरी सून म्हणून येण्याआधीही लिहिता आलं असतं. डिसेंबरात आहेराच्या पाकिटावर चि. सौ. कां. लिहीन. मीच लिहीन, सरोजला लिहू देणार नाही, तिचं अक्षर उतरतं.

गाठ उजवीकडे बांध, ऋजुता. तुझ्या उजवीकडे, समोरून बघणाऱ्याच्या नव्हे, पुष्कळ जणी तिथे चुकतात. मागे बांधू नकोस. कुणी विचारलंच तर सांग, माझ्या सासऱ्यांनी सांगितलंय.

पार्सल नीट उघड, आकडे दोन आहेत. दुसरा सर्वेशच्या जाकिटासाठी. त्याची उंची मला माहीत नाही, म्हणून थोडा लांब ठेवलाय. आणि गर्दीत चुकलात तर पुतळ्याखाली जो आधी पोहोचेल त्याने रागावायचं नाही.

आता तुझ्या मेलचं, ज्याचं उत्तर मी जूनपासून दिलेलं नाही. दुसऱ्या घरी जाताना सौमित्रच्या विम्याचे पैसे माझ्याकडे नकोत, ते तुम्हा दोघांचे, परत घ्या, असं तू लिहिलंस. सरोजने वाचून दाखवलं तेव्हा वाटलं, मुलगी खातं बंद करून निघाली. मग कळलं की तुला तरी दुसरं काय सुचणार होतं, मी फोनवरच येत नव्हतो. पण घेणार नाही. लेक दिल्या घरी जाते तेव्हा बाप तिच्याकडून परत काही घेत नाही, आणि मला दुसरी लेक नाही. तेव्हा नको. रुपये ४२,००,०००. अक्षरी बेचाळीस लाख फक्त.

तुझा,
बाबा